सिपोरामावशीची जर

आमच्या आळीतली सिपोरामावशी जर जिभेला लावून बघते. म्हणजे साडीच्या काठाची जर. बाकीची माणसं साडी घेताना काठावरून हात फिरवतात, उजेडात धरून बघतात, फार तर एखादी तार ओढून काडीवर जाळतात. मावशीचा या कशावरच विश्वास नाही. ती काठ उचलते, दुकानदार "अहो, अहो" म्हणेपर्यंत जिभेचं टोक टेकवते, डोळे मिटते आणि निकाल देते. खऱ्या जरीला म्हणे चव नसते, नुसता गारवा असतो. तांब्याची जर कल्हई उडालेल्या भांड्यातल्या ताकासारखी लागते आणि प्लास्टिकची दुधाच्या पिशवीसारखी. "डोळे भुलतात गो सुनंदा," असं ती मला कायम ऐकवते, "जीभ भुलत नाय."

जीभ एकदा भुललेली मी पाहिली आहे. लसणाची चटणी खाऊन आली होती आणि वरच्या आळीतल्या एका म्हातारीचा अस्सल शालू तिनं तांब्यात काढला. म्हातारी वर्षभर बोलत नव्हती. पण तो विषय मावशीसमोर काढायचा नाही, असा आळीचा अलिखित नियम आहे.

माझ्या भाचीचं लग्न रोह्याला होतं. मावशीला नेलं नसतं तर ती आपणहून आली असती, म्हणून नेलं. मुलाची आई आल्यागेल्याला आपला शालू दाखवत होती. सासूबाईंनी दिलेला, खऱ्या जरीचा, आता असा मिळत नाही वगैरे. मावशीनं अदबीनं तिच्या पदराचं टोक हातात घेतलं आणि ओठांपाशी नेलं. विहीणबाईंना वाटलं, म्हातारीनं पदराचा मुका घेतला. त्यांचे डोळे भरून आले. तेवढ्यात मावशीनं डोळे उघडले आणि म्हणाली, "तांबं." मी घाईघाईनं सांगितलं की त्यांच्यात तसा आशीर्वाद देतात. विहीणबाई आजही भेटल्या की विचारतात, "तुमच्या त्या तांबं म्हणणाऱ्या मावशी बऱ्या आहेत ना?"

त्यांच्यात म्हणजे इस्राएल लोकांत, आमच्याकडच्या ज्यूंत. पूर्वी आमच्या आळीत त्यांची बरीच घरं होती. गणपतीत आमच्याकडून त्यांच्याकडे करंज्या जायच्या, त्यांच्याकडून आमच्याकडे मलिद्याचं, म्हणजे गोड पोह्यांचं, ताट यायचं. एकेक करून सगळी गेली. मावशीचे यजमान रोह्याच्या कंपनीत शिफ्ट करायचे, ते वारले. दोन्ही मुलगे इस्राएलला गेले. एका थंडीत त्यांनी मावशीलाही कायमची म्हणून नेली. आंबे पिकायच्या आत ती परत आली. का आलीस विचारलं तर म्हणाली, तिकडं सगळं चांगलं हाय, पण जिन्यात भेटणारी बाई नुसती हसते आणि वर जाते. भांडण म्हणून नाय.

आळीच्या टोकाला त्यांचं प्रार्थनालय आहे. जुनी माणसं त्याला इस्राएलांची मशीद म्हणतात. किल्ली मावशीकडे. आत समोरच्या भिंतीत एक मोठं लाकडी कपाट आहे, त्यात त्यांच्या धर्मग्रंथाच्या गुंडाळ्या असतात आणि कपाटावर पडदा. प्रार्थना करायला दहा पुरुष लागतात, तेवढे आता तालुक्यात गोळा होत नाहीत. त्यामुळे बाहेरून कोणी आलं तरच ते दार उघडतं. एरवी मावशी झाडून घेते आणि कुलूप लावते.

गेल्या वर्षी तिची नात तिकडे हट्टाला पेटली, की लग्न करीन तर आजीच्या गावात. सगळं बिऱ्हाड इकडे येणार ठरलं. मावशी आनंदानं प्रार्थनालय उघडायला गेली तर पडद्याची खालची बाजू उंदरांनी खाल्लेली. मुलानं फोनवर सांगितलं, काळजी नको, इथं तयार पडदे मिळतात, मशीनवर भरलेले, येताना घेऊन येतो. मावशीनं फोन ठेवला आणि मला हाक मारली. माझ्या नातीच्या लग्नाला विकतचा पडदा टांगायचा तर मी कशाला जिवंत हाय, असं तिचं म्हणणं होतं. मखमल घ्यायची, त्यावर द्राक्षांचा वेल, मधोमध डाळिंब, दोन बाजूंना दोन सिंह. सगळं जरीत. आणि जर खरी.

मी पंचायत समितीत कारकून होते, आता निवृत्त आहे. म्हणजे आळीच्या मते रिकामी. शनिवार त्यांचा शब्बाथ, त्या दिवशी मावशी प्रवास करत नाही, म्हणून आमच्या जरीच्या वाऱ्या रविवारी सुरू झाल्या.

पहिल्यांदा गेलो आमच्या पेणमधल्याच एका दुकानात. गणपतीच्या सजावटीचं सामान विकणारा दिगंबर, मूळचा जोह्याचा, गणपतीवाल्यांच्या गावचा. त्याच्या घरी चार पिढ्या मूर्ती करतात, हा एकटा लेस आणि खड्यांत शिरला. मावशीनं जर मागितल्यावर त्यानं सवयीनं विचारलं, "किती फुटी मूर्ती?"

"मूर्ती नाय आमच्यात," मावशी म्हणाली.

"मग सजवायचंय कोणाला?"

"कपाटाला."

दिगंबरनं माझ्याकडे बघितलं. मी मान डोलावली. त्यानं निमूटपणे प्लास्टिकच्या जरीची रिळं काढली. सोनेरी, चंदेरी, एक तर चक्क जांभळी. मावशीनं पहिलंच रीळ जिभेला लावून खाली ठेवलं. दिगंबर म्हणाला, मावशी, चव काय घेता, झळाळी बघा. पाण्यात टाका, काय होत नाय, विसर्जनापर्यंत अशीच राहते.

"विसर्जन पण नाय आमच्यात," मावशी म्हणाली आणि पायऱ्या उतरली.

मग रोह्याला. तिथले शेठ साड्यांचे जुने व्यापारी, स्वभावानं सोशीक. मावशीनं त्यांच्याकडची तांब्याची जर एकामागून एक चाखली. दोन रिळांच्या मध्ये ती चूळ भरायला पाणी मागायची. दुकानात लग्नाची खरेदी करायला आलेलं एक कुटुंब हे बघून आधी गप्प झालं आणि मग त्यांच्यातल्या आजीबाईंनीही हळूच आपल्या साडीचा काठ जिभेला लावून बघितला. शेठनी तेव्हा ओळखलं, की या बाईला खरा माल दिल्याशिवाय आपल्या गिऱ्हाइकांना लागलेलं हे वेड थांबणार नाही. त्यांनी सुरतेहून खरी जर मागवली. चांदीच्या तारेवर सोन्याचं पाणी, आत रेशमाचा धागा. ती आली त्या दिवशी मावशीनं टोक जिभेवर ठेवलं आणि इतका वेळ डोळे मिटून बसली की शेठ घाबरले. "ही," असं ती शेवटी म्हणाली. किंमत ऐकून मी बसायला स्टूल शोधलं. मावशी मात्र उभीच होती. ती म्हणाली, दागिने घालायचं वय गेलं, ते मोडून देवाच्या दारात घालू.

घरी येताना एसटीत ती रिळाची पिशवी छातीशी धरून बसली होती. नागोठण्याला एकानं 'आजी, वर ठेवू का' म्हणून हात पुढे केला, तर त्याच्या हातावर चापट बसली.

पुढचे काही दिवस मावशी दिसली नाही. मला वाटलं, भरतकामात गढली असेल. मी डोकावले तर मखमल तशीच घडी केलेली. रीळ डब्यात. आणि मावशी आपला स्वतःच्या लग्नातला शालू मांडीवर घेऊन मऊ फडक्यानं काठ पुसत होती. काठ काळे पडले होते. धरमतरच्या खाडीचा खारा वारा आमच्याकडे खिडकीच्या गजाला सोडत नाही, तो चांदीला कसा सोडणार? ती पुसायची, बोटभर जागा उजळायची, मग पुढे सरकायची. मी कशी आहेस विचारलं. ती म्हणाली, रविवारी मोकळी हायस ना, दिगंबरकडे जायचं हाय.

मला काही उमजेना. दुकानात शिरून तिनं सरळ प्लास्टिकची सोनेरी जर मागितली. दिगंबरच्या चेहऱ्यावर आधी विजय दिसला, मग तो गोंधळला. रीळ पुढे करून त्यानं विचारलं, "मावशी, चाखणार नाय?"

"म्हायती हाय कशी लागते," ती म्हणाली.

बाहेर आल्यावर मी भडकले. इतकी वणवण केली, शेठचं डोकं खाल्लं, सुरतेहून माल आणवला, तो काय डब्यात ठेवायला? मावशी एका बंद दुकानाच्या पायरीवर बसली. मीही बसले.

"खरी जर काळी पडते गो," ती म्हणाली. "मग ती पुसायला माणूस लागतो."

"मग आम्ही आहोत ना."

"तू हायस. पण तू साठीची. तुझा लेक पुण्याला, सून तिथली. त्यांना आमच्या पडद्याचं काय पडलंय? माझे तर त्याच्याहून लांब." तिनं पिशवीतलं रीळ बाहेर काढून बघितलं. ते उन्हात नको इतकं चमकत होतं. "हिला कोणाची गरज नाय. कुलूप लावून ठेवली तरी अशीच राहील. कधीतरी कोणी दार उघडलं तर त्याला काळा पडदा दिसायला नको."

समोरून एक सहा आसनी आली, मावशीनं हात केला आणि भाड्यावरून त्या रिक्षावाल्याशी भांडली. मला जरा बरं वाटलं.

तिनं पडदा वेळेत पुरा केला. वेल सुरेख आला, डाळिंबाचा दाणा न् दाणा मोजता येत होता. सिंह मात्र मांजरांसारखे दिसत होते. मी तसं म्हटल्यावर ती म्हणाली, मी मांजरंच बघितलीयत, सिंह कुठून काढू.

लग्नाला मुंबईहून, ठाण्याहून, तिकडून माणसं आली. खुर्च्या कमी पडल्या म्हणून आमच्या घरच्या गेल्या. दिगंबरही इस्त्रीचा सदरा घालून आला होता आणि पडद्याकडे असा बघत होता, जणू त्यानंच भरला होता. नात गोड होती. तिला मराठी मोडकंतोडकं येत होतं. आजीला ती 'ए बाय' म्हणायची. पडद्यासमोर उभं राहून प्रत्येकानं फोटो काढून घेतला. पडदा कसा सोन्यासारखा चमकतो म्हणाले. मावशी सगळ्यांना मलिदा वाढत होती आणि जो कमी घेईल त्याच्यावर ओरडत होती. आठवडाभर तिच्या घरातून इतका आवाज यायचा की मला दुपारची झोप मिळाली नाही. मग एका सकाळी त्यांच्या गाड्या विमानतळाकडे निघाल्या आणि आळी पुन्हा आळीसारखी झाली.

पुढच्या शुक्रवारी दुपारी मावशीनं मला हाक मारली. दाराचं कुलूप गंजलंय, फिरवायला ये म्हणाली. मी किल्ली फिरवली, आम्ही आत गेलो. खुर्च्या एकावर एक रचून ठेवलेल्या, खाली फुलांच्या सुकलेल्या पाकळ्या. मला वाटलं, झाडायला आलीय. पण ती सरळ कपाटापाशी गेली आणि तिनं पडद्याची कड उलटी केली.

आतल्या बाजूला, अस्तरावर, खालच्या कोपऱ्यात एक डाळिंब होतं. नखाएवढं. खऱ्या जरीतलं. बाहेरून कोणाला कधीच दिसलं नसतं.

मावशीनं कमरेचं फडकं काढलं आणि ते पुसायला लागली. मी वाकून बघितलं, ते अजून लख्ख होतं. मी म्हटलं, मावशी, हे काळं कुठं पडलंय?

"पडंल," ती म्हणाली. "एवढं मी हाय तोवर पुसीन. म्हणून तर बारीक काढलं."