अण्णा रिअॅक्टर घेतात

आमच्या शेजारचे मल्लिनाथ अण्णा दर रविवारी सकाळी गच्चीवर समुद्र तयार करतात. निळ्या पिंपात गाळलेलं पाणी, त्यात पाकिटातलं खास मीठ, आणि ढवळायला पीव्हीसीचा लांब पाइप. मीठ विरघळलं की कठड्यावरून वाकून मला हाक येते, "ओ सर, समुद्र झाला की! या बघायला." हे सोलापुरात, जिथं नळाला पाणी आलं की गल्लीभर वर्दी जाते.

शुक्रवार पेठेत अण्णांचं नळ-पाइपांचं दुकान आहे. ते आता पुतण्या बघतो. त्यांची बायको शांतक्का वारली, मुलगा बंगळूरला नोकरीला गेला, आणि त्याच्या रिकाम्या खोलीत अण्णांनी पलंगाएवढी काचेची टाकी बसवली. मासे त्यात नावाला. खरी मंडळी म्हणजे पोवळी. मला पोवळं माहीत ते अंगठीतलं. ही जिवंत होती. जांभळी, हिरवी, नीट बघितलं तर बारीक बोटं हलवणारी.

पोवळ्यांना हाडं धरायला कॅल्शियम लागतं. म्हणून अण्णा रोज सकाळी चुन्याची निवळी थेंब थेंब टाकीत सोडायचे. त्यापायी गाव सोडणं बंद. पुतण्याचा साखरपुडा वळसंगला होता, तर तिथंही उभ्याउभ्या एक लाडू खाऊन परत. "लेकरं उपाशी हायत," म्हणाले. व्याही बिचारे घाबरले.

पण लेकरं वाढली तशी निवळी पुरेना. मुलानं फोनवर सांगितलं, "अप्पा, कॅल्शियम रिअॅक्टर घ्या." म्हणजे एक उभी नळकांडी. तिच्यात मेलेल्या पोवळ्यांची खडी भरायची आणि वरून कार्बन डायऑक्साइड सोडायचा. खडी हळूहळू विरघळते आणि तिचं पाणी आपोआप टाकीत जात राहतं. माणसानं हात लावायची गरज नाही.

झालं. अण्णांनी रिअॅक्टर बघायला सुरुवात केली. मुलीला स्थळं बघावीत तशी. उन्हाळा गेला, पाऊस गेला, एकही पसंत पडेना. पुण्या-मुंबईचे दुकानदार फोनवर तासभर माहिती द्यायचे आणि अण्णा शेवटी विचारायचे, "ते ऱ्हाऊ द्या. वायसर कसला हाय?" जन्म नळांत गेलेला माणूस, जगातली सगळी संकटं खराब वायसरमुळे येतात, असं त्यांचं ठाम मत.

एक रिअॅक्टर फार मोठा निघाला. "तान्ह्या लेकराला पैलवानाचा खुराक कशाला?" एकाच्या पंपाचा आवाज फोनवर ऐकून म्हणाले, "ही पिठाची गिरणी हाय की!" एक सगळा मोबाइलवर चालणारा होता. "आणि रेंज गेली तर? पोवळ्यांनी मोबाइल चाटायचा?"

गॅससाठी त्यांनी सोडा बनवणाऱ्या रसूलभाईंना गाठलं. रसूलभाईंनी शांतपणे विचारलं, "क्या अण्णा, मछल्यां सोडा पीते क्या जी?"

"मासे न्हाय ओ. त्यांच्या घराला पाजायचाय."

रसूलभाईंनी माझ्याकडे बघून भुवया उडवल्या.

मग एके दिवशी जांभळ्या पोवळ्याची टोकं पांढरी पडलेली दिसली. अण्णा टाकीसमोर स्टूल घेऊन बसले. मी दोनदा वायसरचा विषय काढून पाहिला, तरी नजर काचेवरून हलेना. दुपारी त्यांनी आधी नापसंत केलेला एक मधल्या मापाचा रिअॅक्टर मागवला. "वायसर माझा मी बदलतो," एवढंच म्हणाले.

पार्सल आलं, वायसर बदलला, रसूलभाईंनी स्वतः सिलिंडर आणून जोडला. बुडबुडे जास्त की कमी, यात काही दिवस गेले. मग पोवळ्यांना नवी टोकं फुटली. सगळी गल्ली बघून गेली.

"सुटलात अण्णा," मी म्हणालो. "आता बंगळूरला जाऊन या."

"व्हय की," अण्णा म्हणाले. गेले मात्र नाहीत.

पुढच्याच आठवड्यात सकाळी दाराची बेल वाजली. अण्णा उभे. आंघोळ झालेली, कपाळाला विभूती, हात रिकामे. माझ्या बायकोला, सुनीताला, म्हणाले, "अक्का, काय काम हाय का?"

तिला चेष्टा वाटली. "का हो? मशीन बिघडलं का?"

"न्हाय. मशीन लई चांगलं हाय. मला बघावंच लागत न्हाय."

सुनीतानं मेथीची जुडी आणून त्यांच्यापुढं ठेवली. अण्णा पायरीवर बसले आणि एकेक पान खुडायला लागले. "शांता मला निवडू द्यायची न्हाय," खाली बघतच म्हणाले. "देठं ठेवता, म्हणायची."

देठं ठेवलीच होती. आम्ही ती भाजी तशीच खाल्ली.

दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला बेल. आमच्याकडं गवार आदल्या संध्याकाळीच मोडून ठेवलेली होती. सुनीतानं तो डबा फ्रिजमध्ये दह्याच्या पातेल्यामागं ढकलला, माझ्या हातात पिशवी कोंबली आणि मला मागच्या दारानं बाहेर काढलं. "मंडईतून गवार आणा. चांगली जून बघून. शिरा निघायला वेळ लागला पाहिजे."

आणि पुढच्या दाराकडं वळून मोठ्यानं म्हणाली, "या अण्णा, बसा. तोवर चहा घ्या. आज फार काम पडलंय बघा."