साडूंचा यंत्रकलह आणि तबकडी जाळल्याची हकीकत

वीजबाई घरोघर अखंड नांदो, तारांस उंदीर न लागो. शके एकोणीसशे चौतीस, नंदननाम संवत्सरे, पौष मासी अमुक एका राज्यात जे वर्तमान जाहले ते लिहिले असे. राज्याच्या धनीण आईसाहेब. त्यांचे यजमान आबासाहेब वर्षापूर्वी कैलासवासी जाहले. त्यांच्या साठीशांतीचे चित्रण एकच होते, मिशीचा केस न् केस मोजावा ऐसे सुबक, आणि त्यात आबासाहेब जन्मात एकदाच चारचौघांत आईसाहेबांविषयी गोड बोलिले होते. वर्षश्राद्धाचे दिवशी ते शब्द पुन्हा ऐकावे, इतकीच आईसाहेबांची इच्छा.

जावई दोन. थोरले नरहरराव संगणकाचे अभिमानी, धाकटे सुभानराव टीव्हीस जोडावयाच्या खेळयंत्राचे. नरहरराव नेहमी म्हणत, "सुभानराव, तुमचे ते खेळणे. आमचा संगणक हिशेब करी, पत्रे लिही, चित्रण कापी आणि जोडी." सुभानराव हसून म्हणत, "खरे आहे भाऊ. पण आमचे लावले की लागते, तुमचा जागा होईतो चहा होतो." मग नरहररावांनी ईर्ष्येने विडा उचलला की, "चित्रण आमच्या संगणकात आहे, आम्हीच तबकडीवर जाळून आणू." आईसाहेब दचकल्या. "जाळून? अहो, माणूस जाळले तेवढे पुरे नाही का झाले?" नरहरराव हसले आणि म्हणाले, "आईसाहेब, किरणाने कोरणे यासच जाळणे म्हणतात."

मग रावांनी पडद्यावरील चित्रणाची खूण उचलून तबकडीवर घातली. खुणेच्या कोपऱ्यात इवलासा बाण होता. बाणाची खूण म्हणजे धनी, अर्थात मूळ चित्रण, नव्हे; धन्याच्या घराची नुसती वाट दाखविणारा हुजऱ्या, हे रावांस ठाऊक असावयाचे, परंतु घाई आणि गर्व यांची स्वारी एकाच घोड्यावर. पाते लवते न लवते तोच तबकडी तयार, आणि आपल्याच संगणकात लावून पाहता चित्रण झोकात चालले. "पाहा चपळाई!" म्हणोन मिशीस पीळ दिला, आणि संगणकाचे कोठार गच्च जाहले होते सबब मूळ चित्रण पुसिले, केरटोपलीही रिती केली.

वर्षश्राद्धाची जेवणे उरकली, दरबार भरला. तबकडी खेळयंत्रात घातली तो पडद्यावर अक्षरे उमटली, चालविण्याजोगे काही नाही. नरहरराव गरजले, "गाढवाला गुळाची चव काय!" आणि दरबार खदखदा हसला, सुभानरावांनी मान खाली घातली. मग मोठ्या थाटाने संगणक आणविला. त्यानेही तबकडी पाहिली आणि कळविले की मूळ चित्रण सापडत नाही. तो इवला बाण तेव्हा कुठे रावांचे नजरेस पडला आणि उमगले की तबकडीवर हुजऱ्याच गेला, धनी आपणच पुसला. सुभानरावांनीही तो पाहिला. तरी राव बोलून गेले, "खेळयंत्राने तबकडीवर ओरखडा पाडला." सुभानराव हळूच म्हणाले, "असेल भाऊ. आमचे यंत्र जुने आहे."

आईसाहेब प्रसन्न मुद्रेने म्हणाल्या, "मग एवढे तोंड काय उतरवता? जावईबापू, मूळ तुमच्याकडे आहेच की. दुसरी जाळा. आम्ही बसलो आहोत." आणि पदर सारखा करून, चष्मा पुसून काळ्या पडद्यासमोर खरेच बसल्या. राव उगाच बटणे दाबू लागले. कोणी बडीशेप फिरविली, कोणी म्हणाले, "भाऊ, तुमच्या त्या चपळाईचे काय झाले?" आईसाहेब मात्र पडद्यावरून दृष्टी काढीनात. अखेर राव खाली पाहून बोलिले, "आईसाहेब, मूळ नाही. मीच पुसले. ओरखडाही खोटा."

आईसाहेब उठल्या, सुभानरावांच्या पाठीवर हात ठेविला, आणि नरहररावांकडे न पाहता आत गेल्या.

येणेप्रमाणे हकीकत. संगणक थोर की खेळयंत्र, याचा निवाडा दरबारी अद्याप जाहला नाही. विषय निघाला की नरहरराव पाणी पिण्यास उठतात, आणि सुभानराव विषय बदलतात. लेखनसीमा.