कच्चा टाका

हेडमास्तरांचं डोकं नावेच्या पोटात आणि पाय आकाशाकडे, अशा थाटात ते तासभर बोल्ट आवळत होते. निवृत्तीनंतर घेतलेली ही शिडाची नाव दोन वर्षं दुरुस्तीच्या आवारात टेकूंवर उभी होती. चार वाजता क्रेन येणार होती. "आज ही पाण्यात उतरली नाही, तर विकून मोकळा होतो," असा शब्द त्यांनी बायकोला दिला होता. बायको शिवणकाम करायच्या. त्यांना सगळे टेलरबाई म्हणत. दोन वर्षांत एकही रविवार नवरा घरात दिसला नव्हता, त्यामुळे नाव विकली जावी म्हणून त्या देव पाण्यात घालून बसल्या होत्या.

"अगं, खाली फट दिसतेय का बघ!"

नावेखाली शिशाचा जड कणा होता आणि तो धरून ठेवणारे आठ बोल्ट आत होते. टेलरबाईंनी वाकून पाहिलं. "पुढे अजिबात नाही."

"बघ! मी म्हटलं नव्हतं?"

"मागे बोट जातंय."

हेडमास्तरांचा खाक्या शाळेतलाच. एकेकाला धरायचं, पुरतं सरळ करायचं, मग पुढचा. पहिला बोल्ट त्यांनी जीव खाऊन पिळला होता. आता शेवटचा पिळला, तर मध्येच फट पडली. मधल्याला हात घातला तेव्हा पाना सटकला, कोपर आपटलं आणि ते कमरेपर्यंत आत अडकले.

आवाराचा मुकादम शिडीला टेकून मजा बघत होता. "बाई, क्रेनवाल्याला येऊ नको म्हणून सांगू का?"

नुसतं 'हो' म्हणायचं होतं. पण नाव आणि कण्याच्या जोडात भरलेलं ताजं लुकण एकीकडे फुगलं होतं आणि दुसरीकडे ओढलं गेलं होतं. असली शिवण टेलरबाईंना बघवेना.

"अहो, व्हा बाजूला!"

"बाजूलाच तर होता येत नाहीये!"

शिडी चढून त्यांनी नवऱ्याला पट्ट्याला धरून ओढून काढलं. "सगळे सैल करा आधी. एकदम पक्कं शिवतं का कुणी? सगळीकडे कच्चा टाका घालायचा. एक पुढचा, एक मागचा, मग मधले. थोडं थोडं."

"अगं, हे कापड नाही, शिसं आहे!"

"चुणी पडलीय ना? मग मला कळतं."

पाना त्यांनीच घेतला. तीन फेऱ्या झाल्या आणि लुकण चहूबाजूंनी पायपिंगसारखं एकसारखं बाहेर आलं. चार वाजता नाव पाण्यात उतरली. मुकादमाने आत हात फिरवून पाहिला आणि ओरडला, "ठणठणीत कोरडी!" सगळ्या आवाराने टाळ्या वाजवल्या. टेलरबाईंना तर आनंदाने आभाळ ठेंगणं झालं. मग एकदम लक्षात आलं, की आपण आपल्याच हाताने नाव वाचवली.

हेडमास्तर चाचरत म्हणाले, "तुला रविवारी मी घरी हवा होतो ना गं?"

टेलरबाई मान वर करून शिडाकडे बघत होत्या. "हे कुणी शिवलंय हो? किती गबाळं! रविवारी माझं मशीन इकडे आणा."