न विचारता येणारा ‘अंकुर’

सर्जेराव तात्यांना मी माझा नंबर कधीच दिला नव्हता. तो त्यांना मिळाला माझ्या मेहुण्याच्या लग्नपत्रिकेवरून. पत्रिकेत खाली संपर्कासाठी म्हणून घरच्यांचे नंबर छापले होते, तात्यांनी सगळे उचलले. लग्नाला आले, अक्षता टाकल्या, पोटभर जेवले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सातला माझ्या फोनवर ‘अंकुर’ उगवला.

‘अंकुर’ म्हणजे तात्यांच्या कंपनीचं रोजचं वार्तापत्र. कंपनी म्हणजे इस्लामपूरबाहेरची ऊसरोपांची नर्सरी. तिथं कामाला गावातल्या चार बायका, आणि वर फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले तात्या. मी कॉलेजात इतिहास शिकवतो. माझी शेती म्हणजे गॅलरीतली तुळस. तरी रोज सकाळी मला कळतं की ८६०३२ जातीच्या उसाची रोपं लावणीला आलीत, मुळं खाणारी हुमणी अळी कुठल्या शिवारात शिरली, आणि शेवटी ‘विशेष’ या मथळ्याखाली कुणाची म्हैस व्याली.

नंबर मिळवण्यात तात्यांना कसलाच विधिनिषेध नाही. चौकातले वाढदिवसाचे फलक, टेम्पोची पाठ, काही चालतं. एकदा हेल्मेट नाही म्हणून पोलिसानं अडवलं, तर दंड भरून त्याचाही नंबर घेऊन आले. पण समोरच्यानं तात्यांचा नंबर साठवला नसेल तर सगळ्यांना एकदम धाडलेला निरोप त्याला पोचत नाही. त्यावर तात्यांचा उपाय सोपा आहे. “बगू जरा, लय भारी फोन हाय की!” म्हणत फोन हातात घ्यायचा आणि स्वतःच स्वतःला त्यात घालून द्यायचं. लग्नात माझ्याही फोनचं असंच कौतुक झालं होतं.

एकदा मी म्हटलं, “तात्या, निदान विचारून तरी घालत जा.”

“आवं सर, पावन्याला चा इचारत्यात व्हय? इचारलं की मानूस न्हाईच म्हनतो. आमच्यात कप हातात द्यायचा.”

“पण नको असला तर?”

“नको असला तरी दोन घोट घेतोच की!”

मी गुपचूप त्यांना ब्लॉक केलं. दोन दिवस त्यांचा फोन मला लागेना, तेव्हा तिसऱ्या सकाळी दारात तात्या हजर. चेहरा पडलेला.

“सर, पंगतीतनं मदीच उटलासा. भाजीत खडा लागला का?”

मला भयंकर ओशाळल्यासारखं झालं. मी निमूटपणे फोन त्यांच्या हातात दिला. तेवढ्यात आतून आई आली. ती एरवी कराडला एकटीच राहते, त्या आठवड्यात आमच्याकडं आली होती. तात्यांनी तिला ‘आक्का’ म्हणत वाकून नमस्कार केला आणि तिच्याही फोनचं कौतुक केलं.

आई कराडला परत गेल्यावर मी तात्यांना बजावलं, “तिचं नाव काढा. सत्तरी उलटलेल्या बाईला हुमणीचं काय करायचंय?”

“बगू की,” तात्या म्हणाले. आमच्या भागात ‘बगू की’चा अर्थ ‘नाही’ असाच होतो.

गंमत म्हणजे आई खूश होती. “तुझ्यापेक्षा तो माणूस बरा, रोज आठवण काढतो, कराडला आला की घरी डोकावून जातो,” असं मला ऐकवायची.

मग एका सकाळी मी कॉलेजला निघालो असताना तात्यांचा फोन आला. मागं हायवेवरच्या गाड्यांचा आवाज.

“सर, आक्कांनी आज अंकुर उगडला न्हाई.”

“बरं केलं तिनं!”

“तसं न्हवं. सात वाजता आला की लगीच उगडत्यात, निरोपाफुडची खून निळी हुती. आज आजून झाली न्हाई. फोन बी उचलंनात. मी कराडला निगालोय, कासेगावापतोर आलोय, तुमी बी निगा.”

वाटेत मी आईला फोन लावत राहिलो, तो नुसता वाजत राहिला. कराडला पोचलो तेव्हा तात्यांनी शेजाऱ्यांना घेऊन दाराची कडी तोडली होती आणि आईला दवाखान्यात हलवलं होतं. न्हाणीघरात पाय घसरून खुबा मोडला होता. फोन पलंगावर, ती ओल्या फरशीवर. हाका मारून तिचा घसा बसला होता. तशीच संध्याकाळपर्यंत पडून राहिली असती तर? मला पुढचा विचार करवत नाही. तात्यांचा मी जन्माचा ऋणी आहे, हे इथं सरळ लिहून टाकतो.

ऑपरेशन नीट पार पडलं. बाहेर बाकावर मी तात्यांचे हात धरले. म्हटलं, “तुम्ही काय सगळ्यांच्या खुणा बघत बसता?”

“सगळ्यांच्या कुटल्या? एकली ऱ्हात्यात त्यांच्या तेवड्या बगतो.” आणि पुढं म्हणाले, “रोपं काय, बिनजाहिरातीची बी खपत्यात.”

मग समोरच्या भिंतीकडं बघत ते सांगू लागले.

“मी तिकडं जम्मूला हुतो. आमची मंडळी, म्हंजी बायकू, वस्तीवर एकलीच. न्हाणीतच पडली, आक्कांवानी. तिसऱ्या दिशी दूधवाल्याला कळलं. भावकी हुती, शेजार हुता, समद्यांकडं फोन हुतं. पर रोज सकाळी तिला ‘उटलीस का’ म्हननारं कोन न्हवतं.”

सुभेदारांनी रुमाल काढला, नाक पुसलं आणि घडी घालून परत ठेवला.

“सर, एक इचारू?” आवाज एकदम खाली आला होता. “मी बी नर्सरीव एकलाच असतो. एकाद्या सकाळी माजा अंकुर न्हाई आला… तर येऊन बगशीला?”

“येईन, तात्या,” मी म्हणालो.

आता रोज सात वाजायच्या आधीच मी फोन हातात घेऊन बसतो.