सोनो फिनीतो
कोटाचं शेवटचं बटण लावून झालं आणि टेलरमास्तरांनी कात्री खाली ठेवण्याआधीच फोन उचलला. कोट होता होणाऱ्या विहीणबाईंचा. लेकीने इटालियन मुलगा पसंत केला होता, लग्न महिन्यावर आलं होतं. पण मुलाची आई विमानाच्या नावानेच पांढरीफटक पडायची. "ती यायची नाही," असं मुलाने सांगूनच टाकलं होतं. मास्तरांनी मात्र पण केला होता. कोट शिवायचा आणि आमंत्रण त्यांच्याच भाषेत द्यायचं.

तीन महिने ते लेकीकडून इटालियन शिकत होते. क्रियापदांची रूपं त्यांनी मापांच्या वहीत उतरवून घेतली होती. घोडं अडायचं ते साहाय्यक क्रियापदापाशी.

"बाबा, सोपं आहे," लेक म्हणायची. "आलो, गेलो यांना 'सोनो' लावायचं. शिवलं, कापलं यांना 'ओ'."

"म्हणजे आपल्यासारखंच की! मी आलो, पण मी कोट शिवला."

"अगदी तस्सं!"

त्या दिवशी लेक पत्रिका आणायला गेली होती. 'संपणे' कुठल्या रांगेत बसवावं? मास्तरांनी मनात म्हणून पाहिलं : आलो, गेलो, संपलो. ठेका जमला. त्यांनी विहीणबाईंना फोन लावला आणि दणक्यात सांगितलं, "सोनो फिनीतो!"

पलीकडून हलक्या आवाजात प्रश्न आला, "क्वांतो तेम्पो?"

किती वेळ? कोट तर आठवड्यात झाला होता, तेव्हा विचारपूस भाषेचीच असणार. "त्रे मेझी!" मास्तर अभिमानाने म्हणाले. तीन महिने!

पलीकडून हुंदका ऐकू आला.

"आनंदाने रडल्या गं," त्यांनी बायकोला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी जावयाचा फोन आला. लेक ऐकता ऐकता मटकन खाली बसली.

"बाबा, काय बोललात तुम्ही त्यांच्याशी?"

"कोट संपवला म्हणालो."

"'ओ फिनीतो' म्हणायचं होतं! तुम्ही 'मी संपलो' म्हणालात. वर तीन महिने उरलेत असंही सांगितलंत. त्या विमानात बसल्यासुद्धा. संध्याकाळी इथे पोचतील."

"मग फोन करून सांग ना खरं काय ते!"

"विमानात फोन बंद असतो, बाबा."

बायकोने कपाळावर हात मारला. "एवढी घाबरट बाई जिवावर उदार होऊन निघाली, आणि तुम्ही इथे टुणटुणीत! निदान आजारी तरी दिसा. चला, आडवे व्हा."

मास्तर आडवे झाले. बायकोने गळ्यापर्यंत चादर ओढली आणि कपाळावर ओली पट्टी ठेवली. तासाभरात दोन शेजारी डोकावून गेले. तिसऱ्याने आपली शिवायला टाकलेली पँट हळूच परत नेली.

"माझं गिऱ्हाईक चाललं!" मास्तर कुजबुजले.

"मेलेल्या माणसाने बोलू नये," बायको म्हणाली.

दिवेलागणीला दारात टॅक्सी थांबली. विहीणबाई आत आल्या. डोळे सुजलेले, केस विस्कटलेले, हातात चुरगळलेला रुमाल. आता दारात विहीण उभी म्हटल्यावर कुठला वधूपिता झोपून राहील? मास्तर ताडकन उठले आणि हात जोडून उभे राहिले. ओली पट्टी नाकावर घसरली.

लेकीने एका दमात सगळं इटालियनमधून सांगून टाकलं. मास्तर मान खाली घालून उभे होते. आता ही बाई चिडणार, लग्न मोडणार, लेक आयुष्यभर आपल्याला बोल लावणार.

विहीणबाई खुर्चीत बसल्या. पाणी प्यायल्या. मग खांदे गदगदायला लागले. पुन्हा रडल्या की काय, म्हणून मास्तरांनी चोरून पाहिलं, तर त्या पोट धरून हसत होत्या. थोड्या वेळाने मात्र त्यांचा चेहरा एकदम पडला आणि त्या लेकीला काहीतरी म्हणाल्या.

"काय म्हणतात?" मास्तरांनी विचारलं.

"म्हणतात, येताना तुमच्यासाठी रडण्यात भीती वाटायचीच राहून गेली. पण जाताना काय करू?"

"त्यांना म्हणावं, मुळीच काळजी करू नका," बायको चादरीची घडी घालत म्हणाली. "यांना सोबत न्या. वाटभर इटालियन बोलतील. रडू आपोआप येईल."