एकच टाकी

"उद्या एकच," आर्लीन म्हणाली. "टाकी एकदा भरायची, विमान उडवायचं, उतरवायचं, अंघोळ करायची आणि अकराच्या ठोक्याला चर्चमध्ये माझ्या शेजारी उभं राहायचं. दुसऱ्यांदा टाकी भरायची नाही."

"एकच टाकी," वेंडेल म्हणाला. "शब्द दिला."

शब्द देताना त्यानं नजर ताटातल्या बटाट्यांवरून हलवली नव्हती. चाळीस वर्षं संसार केलेल्या बाईला यावरून काय ते कळायला हवं होतं. पण आर्लीनच्या डोक्यात त्या रात्री केक, फुलं आणि बहिणीचं गुडघ्याचं दुखणं एवढं सगळं होतं. तिनं मान हलवली आणि विषय संपवला.

उद्या त्यांच्या लग्नाला चाळीस वर्षं पूर्ण होत होती. ते लग्न कोर्टात झालं होतं, घाईघाईत. कारण चर्चमध्ये जी तारीख मोकळी होती, त्याच तारखेला शेजारच्या जिल्ह्यात विमानांची स्पर्धा होती, आणि नवरदेवानं तिच्या प्रवेशाचे पैसे आधीच भरले होते. तेव्हा आर्लीन काही बोलली नाही. पुढंही बोलली नाही. फक्त या वर्षी ईस्टर झाल्यावर तिनं एका रविवारी शांतपणे सांगितलं, "एकदा देवासमोर नीट शपथा घ्यायच्या आहेत मला. एवढंच मागणं आहे." वेंडेल विरघळला होता. अगदी मनापासून हो म्हणाला होता.

पण नेमकं समारंभाच्याच आठवड्यात विमानही पुरं झालं, त्याला तो तरी काय करणार?

दोन हिवाळे त्यानं त्या विमानावर घातले होते. त्याच्या जन्माआधीचा नकाशा, बाल्सा लाकडाच्या कागदासारख्या पातळ फासळ्या, वर खरं रेशीम, आणि रेशमावर वॉर्निशचे इतके हात की पंखात तोंड पाहून घ्यावं. असलं विमान रेडिओवर उडत नाही. साठ फुटांच्या दोन पोलादी तारा, त्यांच्या एका टोकाला विमान आणि दुसऱ्या टोकाला मूठ धरून वेंडेल. विमान गोल फिरतं, त्याच्याबरोबर मधोमध वेंडेल गोल फिरतो, आणि मनगटाच्या इशाऱ्यावर विमान कोलांट्या मारतं. इंधन संपेपर्यंत. साधी टाकी सात मिनिटांत संपते. दोन हिवाळे खपायचं आणि सात मिनिटं उडवायचं, हे वेंडेलच्या जिवाला लागलं होतं.

म्हणून जेवण झाल्यावर तो गॅरेजमध्ये गेला आणि पीचच्या रिकाम्या डब्याचा पत्रा कापून त्यानं नवी टाकी डाखायला घेतली. स्टुलावर बसलेला, विमानांच्या क्लबातला त्याचा मित्र लाईल मान तिरकी करून ती टाकी बघत राहिला. लाईल विमानं बांधायचा, पण उडवायचा कधीच नाही. तिसऱ्या फेरीला त्याला चक्कर यायची.

"नकाशात एवढी मोठी टाकी नाही," लाईल म्हणाला.

"नकाशात माझी बायकोही नाही."

"अरे, पण तू शब्द दिलास ना?"

"एकच टाकी म्हणालो. केवढी ते तिनं विचारलं नाही."

लाईलनं यावर बराच विचार केला. "हे मला चर्चमध्ये विचारलं तर मी इथं नव्हतो," तो म्हणाला.

इंजिन क्लबातल्याच डेलमारचं होतं. म्हणजे त्याच्या काकाचं, पण काका गेल्यापासून डेलमार त्याला काकापेक्षा जपत होता. सबंध हिवाळा त्यानं ते खोलून, घासून, परत बसवलं होतं आणि मित्राला मोठ्या मनानं एका उड्डाणापुरतं दिलं होतं. वेंडेलनं गणित केलं ते नेहमीच्या इंजिनाचं. म्हणजे वीस मिनिटं. सव्वादहाला उडवायचं, अकराच्या आत अंघोळसुद्धा उरकेल. डेलमारच्या हातचं इंजिन इंधन पीत नाही, नुसतं चाखतं, हे गणितात नव्हतं.

शनिवारची सकाळ निवांत आणि निरभ्र होती. क्लबचं मैदान चर्चच्या मागेच. गवताची ती पट्टी चर्चनंच दिली होती, रविवारी आवाज करायचा नाही या एका अटीवर. शनिवारबद्दल कोणी काही ठरवलेलं नव्हतं. डेलमार खांद्याचं ऑपरेशन झालेला हात गळ्यात अडकवून आला आणि आल्याबरोबर त्यानं विमानाचे फोटो काढायला सुरुवात केली. डावीकडून, उजवीकडून, इंजिनाचे वेगळे, इंजिनासकट स्वतःचे वेगळे. मग इंजिन सुरू होईना. वेंडेल बोटानं पंखा फिरवतोय, डेलमार सांगतोय, "हळू रे, लाडानं घे." पावणेअकराला इंजिनानं एकदाचं तोंड उघडलं.

"राहू दे आता, उद्या बघू," लाईल म्हणाला.

"उद्या रविवार," वेंडेल म्हणाला आणि धावत जाऊन मूठ धरली. लाईलनं विमान सोडलं.

आणि ते काय उडालं. पहिल्या फेरीतच वेंडेलला कळलं की हे विमान त्याला सांभाळून घेणार. कोलांटी घातली, जमिनीपासून खांद्याच्या उंचीला अलगद सरळ झालं. उलटं उडवलं, तर उलटंही तसंच. रेशमातून ऊन आरपार दिसत होतं. वेंडेल स्वतःशी हसत होता, फिरत होता, पुन्हा हसत होता. अकराचे ठोके पडले तेव्हा त्याला वाटलं, संपेलच आता.

संपलं नाही.

चर्चमध्ये ऑर्गन सुरू झाला आणि बंद पडला, कारण वाजवणाऱ्या बाईंना स्वतःचाच ऑर्गन ऐकू येईना. खिडक्यांतून एरंडेलाच्या धुराचा वास आत गेला. असल्या इंजिनाच्या इंधनात एरंडेल असतं आणि जळालेलं एरंडेल लपत नाही. पाहुण्यांनी रुमाल नाकाला लावले. काहींना वाटलं, समारंभ फारच हृदयस्पर्शी होणार.

मागचं दार उघडलं आणि पहिली बाहेर आली व्हर्ना, आर्लीनची थोरली बहीण, काठी टेकत.

"काय जावईबापू," ती वर्तुळाबाहेरून ओरडली, "या वेळीही स्पर्धा आहे का?"

"आलोच," वेंडेल ओरडला. त्याचं तोंड तोवर धान्याच्या कोठाराकडे फिरलं होतं, म्हणून पुढचं वाक्य कोठारालाच ऐकू गेलं. "टाकी संपतच आली."

मग सगळेच बाहेर आले. आणि त्यांच्यामागून निळ्या ड्रेसमध्ये, हातात पांढरी फुलं घेऊन आर्लीन. लोक बाजूला झाले. ती गवताच्या कडेला उभी राहिली आणि तिनं आधी विमानाकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे, मग लाईलकडे.

"उतरव म्हणावं."

"इंजिन चालू असताना उतरत नाही ते," लाईल म्हणाला. "उतरवलं तर मोडेल. दोन हिवाळे."

"आणि इंजिन माझं," डेलमार घाईनं म्हणाला.

"मग मूठ तू धर."

डेलमारनं गळ्यातला हात दाखवला. आर्लीननं लाईलकडे पाहिलं. लाईलचा चेहरा त्या नुसत्या कल्पनेनंच पांढरा पडला.

"किती वेळ लागेल?"

"टाकी संपेपर्यंत."

"केवढी आहे टाकी?"

लाईल रात्री ठरवलेलं सगळं विसरला. "पीचच्या डब्याची," तो म्हणाला. "मोठा डबा. एकच टाकी म्हणाला होता, म्हणून."

वर्तुळाच्या मधोमध फिरणाऱ्या वेंडेलला ऐकू काही येत नव्हतं, पण दर फेरीला बायकोचा चेहरा समोरून जायचा. या फेरीला तो वेगळा होता. विमान आपटावं, असं त्याच्या मनात आलं. खरंच आलं. दोन हिवाळे आणि डेलमारचा काका एका बाजूला, आणि ती निळ्या ड्रेसमध्ये उन्हात उभी. तिनं एकच तर गोष्ट मागितली होती. त्यानं मनगट सैल केलं, विमान खाली झुकलं.

"अरे, अरे, अरे," डेलमार किंचाळला.

पण त्याच वेळी आर्लीन पाळकांकडे वळली होती. पाळक ब्रन्स नवे होते, तरुण होते आणि हातातलं पुस्तक छातीशी धरून उभे होते.

"पाळकसाहेब, देव आतच असतो का?"

"नाही हो. बाहेरही असतो."

"मग चला."

वेंडेलनं विमान झटकन उंच घेतलं, तशी ती वाकून तारांखालून आत आली. मागून पाळक, आणि त्यांच्यामागून काठी टेकत व्हर्ना, कारण साक्षीदार हवा. मधोमध पोहोचल्यावर सगळ्यांना वेंडेलबरोबर गोल फिरणं भागच होतं. पाळकांनी पुस्तक उघडलं, अर्धी ओळ वाचली आणि ते डगमगले.

"पुस्तकात बघू नका," वेंडेल ओरडला. "विमानाकडे बघा. नजर हलवली की चक्कर."

त्यामुळे सगळा विधी तोंडपाठ झाला आणि चौघांनीही तो एकमेकांकडे न बघता, माना वर करून, आकाशाकडे बघत केला. लांबून पाहणाऱ्यांना तो फार भक्तीचा वाटला.

"टोपी काढ," आर्लीन म्हणाली. त्यानं डाव्या हातानं काढली.

"उजवा हात हातात घ्या," पाळक म्हणाले. उजव्या हातात मूठ होती. आर्लीननं आपला हात त्याच्या मुठीवर ठेवला. विमान जरासं डचमळलं आणि सावरलं.

"सुखात, दुःखात, आजारपणात, वेंडेल, तू हिला सांभाळशील का?"

"सांभाळीन."

"आणखी आहे," आर्लीन म्हणाली.

पाळकांना हे पाठ नव्हतं. "विचारा," ते म्हणाले.

"विमानाचे पंख जेवणाच्या टेबलावर वाळत घालणार नाहीस."

"अगं, पण हिवाळ्यात गॅरेजमध्ये थंडीनं वॉर्निश..."

विमान खाली आलं.

"हो म्हण रे," डेलमार वर्तुळाच्या कडेहून ओरडला. "उंची ठेव आणि हो म्हण."

"हो."

"माझ्या इस्त्रीनं रेशीम ताणणार नाहीस."

"हो."

"शिवणाच्या टाचण्या जिथल्या तिथे. आणि जेवायला हाक मारली की 'एवढा सांधा डाखतो' म्हणायचं नाही."

"हो. हो."

चाळीस वर्षांत पहिल्यांदाच तो तिच्या तावडीत असा सापडला होता की गॅरेजमध्ये सटकता येत नव्हतं. आर्लीननं ही संधी वाया घालवली नाही. व्हर्नानंही दोन-तीन मुद्दे आठवून दिले. तोवर वेंडेल कशालाही हो म्हणत होता, आणि गंमत म्हणजे त्याला मजा येत होती. मुठीवर तिचा हात होता. तिला नकळत ती विमानाची ओढ जोखायला लागली होती, ते त्याला बोटांतून कळत होतं.

"आता आर्लीन," पाळक म्हणाले, "तुम्ही वेंडेलला..."

इंजिन खोकलं आणि थांबलं.

एकदम एवढी शांतता झाली की गवतातले किडे ऐकू आले. "मागे, सगळे मागे," वेंडेल म्हणाला. तारा ताणून धरत तो उलट्या पावलांनी सरकला आणि पाळकांवर आदळला. पाळक गवतात बसले, बहुधा आनंदानंच. विमान तरंगत, घसरत खाली आलं, चाकं टेकली, आणि धावत जाऊन ते उभं राहिलं. जराही उसळलं नाही. कडेला टाळ्या कडाडल्या. त्या लग्नाला होत्या की विमानाला, हे कोणी विचारलं नाही. डेलमार एका हातानं डोळे पुसत इंजिनाकडे पळाला.

"चला," आर्लीन म्हणाली. "हॅम गार होतंय."

चर्चच्या हॉलमध्ये केक कापून झाला, लोक पुन्हा पुन्हा वाढून घेत होते. वेंडेलचा घास तोंडाशीच थांबला.

"आर्लीन, तू काही म्हणालीच नाहीस."

"कधी?"

"तिथं. माझ्याकडून सगळं वदवून घेतलंस. तुझी पाळी आली आणि इंजिन बंद पडलं. तुझी शपथ राहिलीच."

आर्लीननं त्याच्या हनुवटीवरचा एरंडेलाचा डाग रुमालानं पुसला. सहज निघणारा नव्हता, तिला वेळ लागला.

"मी कोर्टात म्हटलं होतं ना," ती म्हणाली. "माझं अजून चालू आहे."