शेपटाकडून वाजलेली सतार

"एक आठवडा. दुपारी दोन ते अडीच. आणि एक जरी तक्रार आली, तर सोमवारी सकाळी भंगारवाला," असं म्हणून साहेबांनी चहा मागवला. साहेबांनी चहा मागवला की विषय संपला, हे रेडिओ केंद्रात सगळ्यांना ठाऊक होतं.

ज्याला हे सांगितलं तो फीतघर सांभाळणारा. केंद्रात त्याला सगळे तंबोरा म्हणत. कारण सोपं होतं. माणूस भिंतीला टेकून बसायचा आणि कुणी काही बोललं की "हं… हं…" असा एकच सूर लावायचा. अठ्ठावीस वर्षं तो जिन्याखालच्या त्या लांबट खोलीत बसत आला होता. खोलीत जमिनीपासून छतापर्यंत रिळांचे डबे. गाणारे, वाजवणारे, बरेचसे देवाघरी गेलेले, सगळे तिथे डब्यांतून गुपचूप राहत होते आणि तंबोऱ्याशिवाय त्यांची वास्तपुस्त करणारं कुणी नव्हतं. साहेबांना ती खोली हवी होती, 'फोन करा आणि विनोद सांगा' नावाच्या नव्या कार्यक्रमासाठी. तंबोऱ्याने आयुष्यात पहिल्यांदा एका सुराऐवजी अख्खी वाक्यं बोलून गयावया केली, तेव्हा कुठे हा शास्त्रीय संगीताचा सप्ताह पदरात पडला.

सोमवारी गाणं झालं. मंगळवारी बासरी. ना कौतुक ना तक्रार. कुणाच्या खिजगणतीतच नव्हतं ते. पण तंबोरा मात्र हवेत तरंगत होता. रोज सकाळी तो त्या दिवसाचं रीळ आपल्या खोलीतल्या जुन्या यंत्रावर लावून तपासून घ्यायचा. तपासायचा म्हणजे काय, डोळे मिटून पडून राहायचा. घरीही तो तसाच वागायला लागला. मंगळवारी रात्री त्याने पाण्याच्या पेल्यात वरण वाढून घेतलं आणि शांतपणे प्यायला. बायको म्हणाली, "चढली का काय तुम्हाला?"

"हं…" म्हणाला.

आता इथे रिळांची एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढची गंमत कळायची नाही. फीतघरात वाजून झालेलं रीळ परत गुंडाळून ठेवत नाहीत. जसं संपलं तसंच, शेपूट बाहेर ठेवून, डब्यात घालतात. तशी फीत जास्त टिकते म्हणतात. लावायच्या आधी मात्र आठवणीने उलटं गुंडाळायचं, म्हणजे डोकं बाहेर येतं. नाही गुंडाळलं तर शेवटचा सूर पहिला वाजतो आणि पहिला शेवटी. हा नियम भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावलेला होता. लावला होता खुद्द तंबोऱ्यानेच.

बुधवारी सतार होती. सतारवाल्या बुवांनी तीस वर्षांपूर्वी याच केंद्रात येऊन वाजवलेली अर्ध्या तासाची नुसती आलापी; तबला नाही, काही नाही. बुवांचं हे एकच रीळ जगात होतं. बुवा अजून होते, पंच्याऐंशीचे, गावातच भाचीकडे राहत होते. पण बोटं थकली होती आणि सतार कधीच खुंटीला लागली होती.

सकाळी तंबोऱ्याने ते रीळ लावलं. पहिला सूर असा सावकाश आला, जसं कुणी शेजारच्या खोलीत दिवा लावावा. मग दुसरा. तंबोऱ्याचे डोळे मिटले. तो एका मोठ्या पाण्याच्या कडेने चालत होता, आणि पाण्यावर सतार वाजत होती, आणि तो पुढे पुढे जात होता आणि पाऊल ओलं होत नव्हतं. मग आलापी संपली. मग त्याने उठून रीळ यंत्रावर उलटं लावलं, नीट गुंडाळलं, डब्यात घातलं, झाकण लावलं. हे सगळं त्याने केलं, अगदी व्यवस्थित केलं, पण केलं ते स्वप्नात. फीत खरी संपून यंत्रावर फटफट आपटत होती, आणि दारात निवेदिका उभी होती.

"काका, पावणेदोन झाले. रीळ?"

"हं…" म्हणत त्याने अर्धवट झोपेत रीळ काढलं, डब्यात घातलं आणि तिच्या हातात दिलं.

दोन वाजता निवेदिकेने बुवांचं नाव सांगितलं, बटण दाबलं आणि काचेपलीकडे डोळे मिटून बसली. फीतघरातल्या भोंग्यातून सतार सुरू झाली, आणि तंबोरा चमकून उठून बसला. सुरुवातीलाच 'झाला', म्हणजे आलापीच्या शेवटी यायचा तो घाईघाईचा झणत्कार. तोही असा, की प्रत्येक सूर आधी कुठूनतरी आतून फुगत यायचा, मोठा मोठा व्हायचा आणि ऐन भरात येताच टक्कन तुटायचा. त्याला वाटलं, आपण अजून झोपेतच आहोत. त्याने स्वतःला चिमटा काढला. सूर फुगतच राहिले. मग त्याच्या डोक्यात प्रकाश पडला: रीळ गुंडाळलं होतं ते स्वप्नात.

तो तसाच अनवाणी धावला आणि काचेबाहेरून हातवारे करू लागला. निवेदिका बाहेर आली आणि ओठांवर बोट ठेवून कुजबुजली, "काका, तांबडा दिवा चालू आहे."

"थांबव ते."

"मध्येच? वेड लागलंय का? मध्येच थांबवलं तर नोंदवहीत लिहावं लागतं, आणि साहेब पहिली ती नोंदवही बघतात. आणि थांबवायचं कशाला? अंगावर काटा आलाय माझ्या."

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. तंबोरा भिंतीला पाठ लावून खाली बसला आणि अर्धा तास घाम पुसत राहिला. आलापी हळूहळू संथ होत गेली, आणखी संथ, आणि शेवटी एकुलता एक सूर वर आला आणि विझला. तो खरं तर बुवांचा पहिला सूर होता.

मग फोन वाजला. तंबोऱ्याने डोळे घट्ट मिटले.

पहिला फोन दातांच्या डॉक्टरचा होता. त्यांच्या खुर्चीवरचे पेशंट अर्धा तास तोंड उघडं ठेवून बसले होते आणि एकानेही कळवळून हूं केलं नव्हतं. दुसरा फोन इस्त्रीवाल्याचा. ऐकता ऐकता एक सदरा जळाला होता, पण त्याचं काही नाही, गिऱ्हाईकही तिथेच बसून ऐकत होतं. मग शाळेच्या मुख्याध्यापिका. मग कुणीतरी नुसतं रडलंच. संध्याकाळपर्यंत बावीस फोन आले. केंद्रात एवढे फोन एकदाच आले होते, ते वेळापत्रकात चुकून केंद्राचा नंबर बसस्थानकाचा म्हणून छापला गेला तेव्हा.

गुरुवारी तर कहरच झाला. वर्तमानपत्रातल्या संगीत समीक्षकांनी दोन रकाने लिहिले. 'सगळे कलावंत पायथ्यापासून शिखराकडे जातात,' त्यांनी लिहिलं होतं, 'बुवांनी शिखरावरून प्रारंभ करून पायथ्याचं दर्शन घडवलं. हे धाडस आहे, ही नम्रता आहे. सूर जन्मतो कसा, हे आम्हांस प्रथमच ऐकू आले.'

साहेबांनी ते कात्रण वरच्या कचेरीत पाठवलं, सोबत 'माझ्या कल्पनेतून साकारलेला प्रयोग' असं पत्र जोडून. मग तंबोऱ्याला बोलावलं.

"लोकाग्रहास्तव शनिवारी परत लावायचं."

"साहेब, ते रीळ…"

"काय?"

"हं…" म्हणाला तंबोरा. वाक्यं तर सप्ताह मागतानाच संपली होती बिचाऱ्याची.

घरी जेवताना त्याने बायकोला सगळं सांगून टाकलं. ती म्हणाली, "म्हणजे अठ्ठावीस वर्षं सरळ लावलंत तर कुत्रं विचारायला आलं नाही, आणि एक दिवस उलटं लावलंत तर पेपरात आलं. मग रडताय कशाला?"

"बुवांनी ऐकलं असेल गं."

"मग त्यांना जाऊन सांगा. मला सांगून माझी भाकरी करपवू नका."

शुक्रवारी सकाळी तो बुवांच्या दारात उभा राहिला. भाचीने आत नेलं. बुवा खिडकीशी खुर्चीत बसले होते, मांडीवर रेडिओ.

"बुवा, मी फीतघरातला. बुधवारी तुमचं रीळ…"

"उलटं लागलं," बुवा म्हणाले. "दुसऱ्या मिनिटाला कळलं मला. आपलं मूल पाठमोरं चाललं तरी ओळखू येतं."

"तक्रार करा माझ्यावर, बुवा. सोमवारी फीतघर भंगारात जाईल, पण तो माझा दोष आहे. तुम्हाला हक्क आहे."

"तक्रार करून काय करू? चाळीस वर्षं या गल्लीत राहतोय. इथे मला ओळखतात ते नळाच्या वेळी भांडणारा म्हातारा म्हणून. परवा वरच्या मजल्यावरची बाई उतरून खाली आली, म्हणाली, ते तुम्ही होतात? काय सांगू तिला, मी होतो, पण शेपटाकडून?" बुवा हसले. "मला एक सांगा, ते रीळ खरंच बरं आहे का? तीस वर्षांत मी ते सरळ ऐकलेलं नाही. मी चांगला वाजवायचो असं मला आठवतं. पण म्हाताऱ्या माणसाला काय, काहीही आठवतं."

तंबोऱ्याला त्या पाण्याच्या कडेची आठवण झाली. "फार बरं आहे, बुवा," तो म्हणाला. "उद्या सरळ लावतो."

"लोकांना आवडायचं नाही."

"नाही आवडायचं," तंबोरा म्हणाला. "तक्रारीही येतील. पण लावतो."

परत येताना त्याला फार हलकं वाटलं आणि फार वाईटही वाटलं. खोली जाणार हे आता नक्की होतं. त्या संध्याकाळी त्याने एकेका डब्यावरून हात फिरवला, जाणाऱ्या माणसांची चौकशी करावी तसा.

शनिवारी त्याने रीळ तीनदा तपासलं आणि जागेपणी उलटं गुंडाळलं. बायकोने दिलेली मिरची खिशात होती, डोळा लागलाच तर चावायला. दोन वाजता बुवांचा पहिला सूर पहिला आला. सावकाश, शेजारच्या खोलीत दिवा लावल्यासारखा. तंबोऱ्याने डोळे मिटले आणि या वेळी मिटू दिले. अर्धा तास तो पाण्याच्या कडेने चालला, आणि मनात एकच होतं की तिकडे खिडकीशी बसलेला माणूसही आत्ता तिथेच कुठेतरी चालत असेल.

दोन वाजून एकतीस मिनिटांनी पहिला फोन आला.

"अहो, रीळ उलटं लावलंय तुम्ही," दातांचे डॉक्टर ओरडत होते. इस्त्रीवाला म्हणाला, "त्यात ती मजाच नाही, कुणीतरी बिघडवून ठेवलंय." मुख्याध्यापिकांनी तर अशा निष्काळजीपणाला त्यांच्या शाळेत काय शिक्षा असते तेही सांगितलं. सगळ्यांत संतापले होते समीक्षक. जाणकार कानाला पहिल्या सुरातच कळतं म्हणाले, पायथ्यापासून शिखराकडे जाणं हे बुवांच्या प्रतिभेला शोभणारं नव्हे, उद्याच लिहितो. चार वाजेपर्यंत एक्केचाळीस तक्रारी झाल्या. बेचाळिसावा फोन वाजला. मग एक थकलेला आवाज आला, "बरं वाजवायचो मी." आणि फोन ठेवला गेला. निवेदिकेने विचारलं, हा कुठे लिहू, तक्रारीत की कौतुकात? तंबोरा डोळे पुसत होता.

साहेबांनी दार लावून घेतलं. "खरं सांग. उलटं होतं?"

"आजचं सरळ होतं, साहेब. बुधवारचं उलटं होतं."

साहेबांनी चहा मागवला नाही. ते खिडकीशी गेले, परत आले, खुर्चीत बसले. त्यांच्या डोळ्यांपुढून ते दोन रकाने गेले आणि मागोमाग वरच्या कचेरीत पाठवलेलं स्वतःच्या सहीचं पत्रही गेलं.

"हे बघ," ते हळू आवाजात म्हणाले, "बुधवारचं सरळ होतं. कळलं? आजचं उलटं होतं. तू चुकलास."

"हं…"

"आणि हे परत होता कामा नये. तुझ्या त्या खोलीत अशी किती रिळं आहेत, ज्यांची डोक्याची बाजू कुठली आणि शेपटाची कुठली हे खात्रीने सांगता येत नाही?"

एकूण एक रिळाची बाजू तंबोऱ्याला झोपेतही सांगता आली असती. म्हणजे, झोप सोडून केव्हाही. अठ्ठावीस वर्षांत खोटं बोलायची वेळ आली नव्हती, त्यामुळे सवय नव्हती.

"सगळीच, साहेब," तो म्हणाला. "चार हजार दोनशे."

"मग सगळी तपास. प्रत्येक रीळ पहिल्यापासून शेवटपर्यंत स्वतः ऐकायचं, खूण करायची, मगच पुढचं. ते होईस्तोवर एकही डबा त्या खोलीतून हलणार नाही. वरून विचारणा झाली तर मला दाखवायला काहीतरी हवं. विनोदांचं बघू दुसरीकडे कुठे." मग त्यांनी मेमो पुढे सरकवला. त्यात लिहिलं होतं की शनिवारी दुपारी सदर कर्मचाऱ्याने हलगर्जीपणे रीळ चुकीच्या बाजूने लावलं.

निवेदिका दाराबाहेरच उभी होती. तो बाहेर आल्यावर तिने कागद वाचला आणि तिचं तोंड उघडंच राहिलं. "काका, ज्या दिवशी तुम्ही बरोबर लावलंत त्याचाच मेमो? आणि तुम्ही सही केलीत?"

"केली की. रोज दोन रिळं ऐकायची म्हटली तर सहा वर्षं लागतील," तंबोरा म्हणाला. "मी तर एकच ऐकेन म्हणतो. घाईत चुका होतात."